मांजरसुंब्याचा वाडा आणि नगरच्या शाही बागा

स्मरणिकेसाठी कोणी पाककृती देणार, कोणी हळदीकुंकवाच्या उखाण्यांचा संग्रह देणार, असे ठरत होते. तेव्हा आपल्या अध्यक्षाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही सारखी वाचनालयातून जुन्या इतिहासाची पुस्तके आणता, मग आपल्या नगराविषयीच चार पाने लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु दुपारची कामे आटोपली की वाचायचे, हा नाद मला लग्नाआधीपासून आहे, आणि जे वाचले ते जागेवर जाऊन पाहायचे ही हौस अलीकडची. गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल मांजरसुंब्याला गेली होती. ज्या भगिनींना येता आले नाही त्यांनी "तिथे काय होते?" असे विचारले, आणि ज्या आल्या त्यांनीही "पण एवढ्या वर राजाला बाग कशी लावता आली?" असे विचारले. त्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून हा लेख समजावा.

नगरचा इतिहास सांगताना आपण किल्ल्याचा सांगतो. वेढे, तोफा, फितुरी, आणि शेवटी १९४२ साली पंडित नेहरूंना व इतर पुढाऱ्यांना त्या किल्ल्यात ठेवले होते ते. हे सारे खरेच आहे. पण ह्या शहराची सुरुवात एका बागेपासून झाली, हे फारसे कोणी सांगत नाही.

बहामनी राज्याचा एक मोठा सरदार मलिक हसन. हा मूळचा पाथरीकडच्या एका ब्राह्मण घराण्यातला मुलगा. लढाईत पकडला जाऊन मुसलमान झाला आणि पराक्रमाने वर चढला. बिदरला त्याचा खून झाला, तेव्हा त्याचा मुलगा अहमद जुन्नरकडे होता. त्याने बंड केले. त्याच्यावर बहामनी फौज चालून आली ती भिंगारजवळ उतरली. २८ मे १४९० च्या पहाटे अहमदने त्या छावणीवर छापा घातला आणि फौजेचा धुव्वा उडवला. ज्या ठिकाणी हा विजय झाला तेथे त्याने काय केले? वाडा बांधला आणि बाग लावली. 'बाग निजाम' असे तिचे नाव. त्या बागेभोवती पुढे कोट उठला. आज आपण ज्याला भुईकोट किल्ला म्हणतो, ती जागा म्हणजे ही बाग. १४९४ साली सीना नदीच्या काठी शहराची वसाहत सुरू झाली. म्हणजे आधी बाग, मग शहर.

आता थोडे आपल्या हवापाण्याचे सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. नगर जिल्हा पर्जन्यछायेचा. सरासरी पाऊस वर्षाला बावीस-तेवीस इंच, तोही पडला तर. सीना नदी इथेच उगम पावते, म्हणून इथे तिला नदी म्हणायचे ते मानानेच. जमिनीखाली काळा पाषाण. अशा जागी बाग लावणे म्हणजे काय, हे ज्या बाईने उन्हाळ्यात भांडी धुतलेल्या पाण्यावर तुळस जगवली आहे तिला सांगायला नको. बाग लावायला माळी मिळतो, रोपे मिळतात, शेणखत मिळते. पाणी मिळत नाही. म्हणून नगरच्या निजामशाही बागांचा इतिहास हा फुलांचा इतिहास नव्हे. तो पाण्याचा इतिहास आहे, असे मला सगळे वाचून व पाहून वाटू लागले आहे.

सावेडीकडे राहणाऱ्या भगिनी रोज 'भिस्तबाग चौक' म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, दुधाच्या केंद्राच्या पाटीवर लिहिलेले असते. हे नाव कुठून आले? तिथे जो जुना आठकोनी महाल पडक्या अवस्थेत उभा आहे, त्याचे नाव 'हश्त बहिश्त बाग'. हश्त म्हणजे आठ, बहिश्त म्हणजे स्वर्ग. आठ स्वर्गांची बाग. पहिल्या अहमद निजामशहाच्या वेळी तिची सुरुवात झाली, त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने ती वाढवली. मध्ये पाण्याने भरलेला मोठा हौद, हौदाच्या मधोमध महाल, आणि भोवती झाडी. लोकांच्या जिभेवर 'हश्त' गळून पडले, 'बहिश्त'चे 'भिस्त' झाले.

ह्याच शब्दाचे दुसरे मूल आपल्या भाषेत आहे. ते म्हणजे 'भिस्ती'. पखालीने पाणी वाहणारा तो भिस्ती. तहानलेल्याला पाणी देणारा म्हणजे स्वर्गातलाच माणूस, म्हणून त्याला हे नाव मिळाले. राजाच्या बागेलाही तेच नाव आणि पाठीवर कातडी पखाल घेऊन वाकून चालणाऱ्या गरीब माणसालाही तेच. माझ्या सासूबाईंनी लहानपणी भिस्ती रस्त्यावर पाणी शिंपडताना पाहिला होता. त्यांना हा शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आम्ही विहिरीवरून दोन-दोन हंडे आणत होतो, आम्हाला कोणी स्वर्गातल्या म्हटले नाही ते!"

असो. आता मांजरसुंबा.

नगरच्या उत्तरेला वांबोरीच्या रस्त्याने पंधरा-अठरा किलोमीटर गेले की डोंगर सुरू होतात. ही गर्भगिरीची रांग. गोरक्षनाथाचा गड ह्याच रांगेत, डोंगरगण हे गावही इथेच. इंग्रज साहेबांना डोंगरगणची दरी इतकी आवडे की त्यांनी तिला 'हॅपी व्हॅली' म्हणजे सुखाची दरी असे नाव दिले होते. ह्या भागात एका उंच डोंगराच्या माथ्यावर निजामशहांनी वाडा बांधला. त्याला गड म्हणतात, दरवाजाही गडासारखा कमानीचा आहे, परंतु हा लढण्यासाठी बांधलेला गड वाटत नाही. राजाने उन्हाळ्यात येऊन राहावे, शिकार करावी, वारा घ्यावा, यासाठी ही जागा. आपल्याकडे मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात, त्यातलाच प्रकार; फक्त हा राजा आपल्या राजधानीपासून एका सकाळच्या वाटेवर महाबळेश्वर करून बसला होता.

आम्ही वर चढलो तेव्हा दहा वाजले होते. चढ फार नाही, पण साडी खोचूनच चढावा लागतो. दरवाजातून आत गेल्यावर पडक्या भिंती, कमानी, मोठे पाण्याचे टाके, न्हाणीघराचे अवशेष, आणि अगदी कड्याच्या तोंडाशी राजवाड्याचा भाग. तिथल्या कमानीत उभे राहिले की पायाखाली एकदम खोल दरी आणि समोर वांबोरी-राहुरीकडचा सगळा सपाट मुलूख अंथरल्यासारखा दिसतो. आता तिकडे ऊस दिसतो, मुळा धरणाच्या पाण्याने पिकलेला. त्या काळी तिथे ज्वारी-बाजरीच असणार. वारा असा की पदर हातात धरावा लागतो. आमच्यातल्या एका भगिनी म्हणाल्या, "इथे बसून राजाला राज्याची काळजी कशी आठवत असेल?" ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे येईलच.

बाकीच्या सगळ्याजणी फोटो काढत होत्या, पण मी मात्र त्या टाक्याभोवती फिरत राहिले. कारण डोंगराच्या माथ्यावर पाऊस पडेल तेवढेच पाणी. त्यावर चार शिपाई जगतील; राजवाडा, हमामखाना, कारंजे आणि बाग नाही जगणार. मग पाणी कुठून येत होते? त्याचे उत्तर डोंगराच्या उतारावर आहे. तिथे पाणी उपसण्याचे जुने दगडी बांधकाम आहे, त्याला लोक 'हत्ती बारव' म्हणतात. खाली पाण्याचा साठा, त्यावर मनोऱ्यासारखे उंच चिरेबंदी काम. म्हणजे खालचे पाणी मोटेने वर ओढायचे, ते वरच्या पातळीवर न्यायचे, आणि असे करत करत डोंगर चढवायचे.

आपल्यातल्या ज्यांचे माहेर शेतकऱ्याचे आहे त्यांना मोट ठाऊक आहे. नव्या सुनांसाठी सांगते. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला जाड नाडा बांधून विहिरीत सोडायची. बैलजोडी उताराच्या धावेवरून खाली चालत गेली की मोट वर येते, थारोळ्यात पाणी ओतते, तेथून ते पाटाने पुढे जाते. बैल मागे सरत पुन्हा वर येतात, मोट पुन्हा खाली जाते. माझे आजोबा पहाटे तीनला मोट जुंपत आणि मोटेवरची गाणी म्हणत. सूर्य वर येईपर्यंत बैलांच्या तोंडाला फेस यायचा आणि भिजायचे ते कांद्याचे दोन वाफे. ही साधी सपाट जमिनीवरची गोष्ट. इथे तर डोंगर. एका मोटेत दहा-बारा हंडे पाणी धरले तरी राजाच्या एका हौदासाठी किती वेळा मोट ओढावी लागली असेल याचा हिशेब मी उतरताना मनात करू लागले आणि सोडून दिला. त्या कारंज्याच्या प्रत्येक थेंबामागे कुणाचा तरी बैल, कुणाचा तरी नाडा आणि कुणाची तरी पहाट होती, एवढे खरे.

खाली शहरात आणि शहराभोवतीच्या बागांत पाणी आणण्याची तऱ्हा वेगळी होती, आणि ती मला जास्त हुशारीची वाटते. त्यात बैल नाही की माणूस नाही. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे झिरपा चांगला, तिथे विहिरी खणायच्या. तेथून भाजक्या मातीचे नळ एकमेकांत बसवून, वरून चुन्याचे पक्के काम करून जमिनीखालून शहरापर्यंत न्यायचे. यांना खापरी नळ म्हणतात. सगळी करामत उताराची. उतार जरा जास्त झाला तर पाण्याच्या जोराने नळ फुटेल, जरा कमी झाला तर पाणी थबकेल आणि गाळ बसेल. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच चुनेगच्ची खांब बांधायचे. त्यांना उच्छ्वास म्हणतात. नळात कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, पाण्याचा जोर आवरतो, गाळ खाली बसतो. उच्छ्वास म्हणजे श्वास सोडणे. नळाला धाप लागू नये म्हणून केलेली सोय, असे मी माझ्या मुलाला सांगितले, ते त्याच्या लक्षात राहिले.

कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर अशा चारी दिशांनी असे नळ नगरात येत होते. शहरातल्या पेठांत, वाड्यांत आणि मशिदींत हौद होते, ते ह्या नळांनी भरत. जुन्या गावठाणातल्या काही वाड्यांत असे हौद अजून आहेत. बहुतेक बुजवून त्यावर फरशी घातली आहे. राजाने हे सगळे बागेच्या हौसेने केले असेल, पण नळ बागेपर्यंत पोचेपर्यंत वाटेत गावही प्यायले. सगळ्याच राजांच्या हौसेविषयी असे म्हणता येत नाही.

तिसरी जागा फराहबाग. ही डोंगरावर नाही. सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्करी भागात, रणगाड्यांच्या संग्रहालयाच्या जवळपास. बोलताना आपण तिला 'फऱ्याबाग' म्हणतो. फराहबख्श म्हणजे आनंद देणारी. मोठा तलाव, त्याच्या मध्यभागी दुमजली आठकोनी महाल, मधल्या दिवाणखान्यावर उंच घुमट. भिंती इतक्या जाड की भर वैशाखात आत गेले तरी माठाजवळ उभे राहिल्यासारखे वाटते. तलाव भरलेला असताना वारा पाण्यावरून आत येत असणार. पंखा नाही, वीज नाही, आणि घर थंड! हल्ली आपण पत्र्याच्या छताखाली कूलर लावून बसतो.

हा महाल मूर्तझा निजामशहाच्या काळातला. पहिले बांधकाम राजाच्या मनास आले नाही, म्हणून ते पाडले आणि नव्याने बांधले. १५८३ साली त्याचा वजीर सलाबतखान याने ते पुरे केले. (पुरे झालेले घर आवडले नाही म्हणून पाडायचे, हे राजालाच परवडते. आपण न्हाणीघराची फरशी चुकली तरी वीस वर्षे तीच घासतो.) हा महाल पाहून शहाजहानला ताजमहालाची कल्पना सुचली, असे गावात हौसेने सांगतात. मला ते पटत नाही. आपल्या गावची वस्तू चांगली आहे, तिला आग्र्याचे शिफारसपत्र कशाला हवे?

आता तो प्रश्न, राज्याची काळजी आठवत होती का. मूर्तझा गादीवर आला १५६५ साली, तेव्हा तो लहान होता. पहिली काही वर्षे कारभार त्याची आई खुंजा हुमायून हिने पाहिला. बाई कर्तबगार होती. पुढे सरदारांनी मुलाचे कान भरले आणि मुलाने आईला कैदेत टाकले. त्याच्या राज्यात वऱ्हाड जिंकले गेले, राज्य खूप वाढले, पण त्याचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. तो बागेतच एकांतात राहू लागला. वर्षानुवर्षे दरबारात येईना, कोणाला भेटेना. लोक त्याला 'दिवाना' म्हणू लागले. कारभार सलाबतखान चालवी, आणि तो चांगला चालवी असेच सगळे इतिहासकार लिहितात. त्या काळचा मोठा इतिहासकार फेरिश्ता स्वतः तेव्हा नगरातच नोकरीस होता. पुढे राजाने सलाबतखानालाही कैदेत टाकले, आणि १५८८ साली राजाचा मुलगा मीरान हुसेन याने बापाला हमामखान्यात कोंडून, दारे बंद करून, आग पेटवून मारले. ज्या घराण्याने नहाण्यासाठी डोंगरावर पाणी चढवले, त्याच घराण्यातला राजा न्हाणीघरात असा गेला. ही हकीकत पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. बापलेकांच्या भांडणात बाग कोणाला आठवणार?

खुंजा हुमायूनविषयी आणखी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिचा नवरा हुसेन निजामशहा. त्याच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे काव्य रचले. त्याची चित्रे असलेली हस्तलिखित पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली दाखवली होती. पुढे कोणीतरी बऱ्याच चित्रांतून राणीवर रंग फासून तिला पुसून टाकले. राजा तसाच बसलेला आहे, शेजारी नुसता डाग. त्याच पोथीत एक चित्र 'दोहद' ह्या विषयाचे आहे. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो, ही आपली जुनी संस्कृत कल्पना. मुसलमान राजाच्या फार्सी पोथीत ती आली, हे नगरचे वैशिष्ट्य म्हणायचे. आणि आपला 'डोहाळे' हा शब्द ह्याच दोहदापासून झाला. झाडालाही डोहाळे लागतात, आणि ते पुरवायला बाई लागते, असे त्या काळी मानत. बाग फुलवणाऱ्या बाईचे चित्र राहिले, राज्य चालवणाऱ्या बाईचे पुसले.

तिच्याच मुलीचे नाव मात्र पुसले गेले नाही. ती चांदबिबी. आपल्या शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर जी तीन मजली आठकोनी इमारत दिसते तिला आपण सगळे चांदबिबीचा महाल म्हणतो. बाहेरगावहून येणाऱ्याला नगर आले हे तिच्यावरूनच कळते. वास्तविक तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. ज्याने फराहबाग पुरी केली, तो वजीर १५८९ साली वारला आणि ह्या डोंगरावर त्याला पुरले. ही सत्तर फूट उंचीची इमारत, उघड्या माळावर, कुठे झाड नाही, पाणी नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागेला पाणी पुरवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी असा कोरडा डोंगर निवडला. लोकांनी त्याचे नाव विसरून तिथे चांदबिबीला नेऊन बसवले. सलाबतखानावर हा अन्याय झाला असे इतिहास जाणणारे म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. तरी एका पुरुषाच्या इमारतीला गावाने बाईचे नाव दिल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही, म्हणून मी तरी ते नाव सोडणार नाही.

चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगल शहाजादा मुराद याच्या वेढ्यात किल्ला कसा लढवला, सुरुंगाने तट पडला तेव्हा ती स्वतः खिंडारावर कशी उभी राहिली, हे शाळेत सगळ्यांनी वाचले आहे. १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारले आणि लगेच किल्ला मोगलांच्या हाती गेला. आपल्या विषयाला त्यातले एवढेच लागते की, त्या दिवसापासून नगर ही राजधानी राहिली नाही.

आणि बागा कशाने सुकल्या? कोणी त्या जाळल्या नाहीत, कोणी मुद्दाम तोडल्या नाहीत. खापरी नळाला दरवर्षी निगा लागते. उच्छ्वासातला गाळ काढावा लागतो, सांधे चुन्याने भरावे लागतात, झाडांची मुळे आत शिरली तर ती तोडावी लागतात. त्यासाठी माणसे, आणि माणसांना पगार. राजधानी हलली, पगार थांबला, माणसे दुसरीकडे गेली. १६३६ साली शहाजहानने निजामशाहीच संपवली. मग नगर मोगलांचे, १७५९ पासून पेशव्यांचे, १७९७ पासून शिंद्यांचे, आणि शेवटी इंग्रजांचे झाले. जो येई तो किल्ल्याची डागडुजी करी. बागेच्या नळाची कोण करणार? एक सांधा निखळला की पुढचा सारा नळ कोरडा. तलाव आटला, आधी फुलझाडे गेली, मग फळझाडे, आणि महाल तेवढा रिकाम्या खड्ड्याच्या मधोमध उभा राहिला. घरातली कर्ती बाई गेल्यावर अंगण जसे हळूहळू उजाड होते, कोणा एकाचा दोष नसतो, तसे झाले.

पण विद्या वाया गेली नाही. मूर्तझाचा एक वजीर चंगेजखान. त्याने विकत घेतलेला एक हबशी गुलाम नगरच्या दरबारात वाढला. तो मलिक अंबर. नगर पडल्यावर त्यानेच निजामशाही आणखी पंचवीस वर्षे तगवली. त्याने खडकी गाव वसवले, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून जी नहर आणली ती नहर-ए-अंबरी नावाने प्रसिद्ध आहे. तिने ते शहर तीनशेहून अधिक वर्षे पाणी प्याले. नगरात पाहिलेले त्याच्या उपयोगी पडले असणारच.

आमच्या वसाहतीत चार वर्षांमागे एका घराचा पाया खणताना सहा-सात फूट खाली भाजक्या मातीचे नळ निघाले. एकात एक बसवलेले, भोवती चुन्याचा थर अजून दगडासारखा. मजुरांनी पहारीने फोडून डबरात टाकले. मी आणि शेजारच्या काकू दोघी जाऊन उभ्या राहिलो, "निदान दोन तुकडे तरी द्या" म्हणून मागून घेतले. हाताच्या मनगटाएवढ्या जाडीचा तो तुकडा आतून अगदी गुळगुळीत आहे, आणि एका बाजूला कुंभाराच्या बोटांची वळी उमटलेली आहे. तो आता आमच्या कपाटात आहे. काकूंनी आपला तुकडा तुळशीवृंदावनाशी उभा करून त्यात ओवा लावला, आणि तो छान वाढला आहे. जिथे जिथे नवी घरे होत आहेत तिथे तिथे असेच तुकडे निघत असतील. भगिनींनो, तुमच्या इथे निघाले तर फोडू देऊ नका. निदान एक अख्खा नळ मागून घ्या आणि कोठे, किती खोलीवर मिळाला ते कागदावर लिहून ठेवा. तो आपण नगरच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन देऊ. नळ कोठून कोठे जात होते याचा नकाशा अशानेच पुरा होईल, आणि तो आपल्याशिवाय दुसरे कोणी करील असे मला दिसत नाही. पाया खणला जातो तेव्हा घरी बायकाच असतात.

आज आपल्या नळाला जे पाणी येते ते मुळा धरणाचे. विळदच्या घाटाकडून ते पंपाने वर चढवून आणतात. म्हणजे मांजरसुंब्याच्या त्याच डोंगराळ बाजूने, आणि खालचे पाणी वर, हीच रीत. बैलाच्या जागी मोटर आली. वीज गेली की पाणी जाते, आणि मग आपण हंडे-बादल्या मांडतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. तेव्हा गावोगाव जे तलाव झाले त्यांतले काही अजून उपयोगी आहेत. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे लोकांनी डोंगराचे पाणी डोंगरातच जिरवून विहिरी भरल्या, हे देशभर माहीत आहे. २०२४ साली जिल्ह्याला चौंडीच्या अहिल्याबाईंचे नाव मिळाले. त्यांनी भारतभर बारवा आणि घाट बांधले, पण कुठे विलासी बाग लावल्याचे माझ्या वाचनात नाही. हा फरक आमच्या सासूबाईंच्या लगेच ध्यानात आला.

पुढच्या हिवाळ्यात मंडळाची सहल पुन्हा काढायची झाली तर माझी सूचना अशी: सकाळी भिस्तबाग पाहावी, तेथून वांबोरी रस्त्याने डोंगरगण, आणि ऊन चढण्याच्या आत मांजरसुंबा चढून उतरावा. उतरताना हत्ती बारव चुकवू नये. गेल्या खेपेला निम्म्या भगिनी ती न पाहताच खाली जाऊन बसल्या. फराहबाग लष्करी हद्दीलगत असल्याने तिथे जाण्याआधी चौकशी करावी. चप्पल ऐवजी बूट घालावेत, वयस्कर भगिनींनी गोरक्षनाथाला थांबावे. डबा घरचा न्यावा. आणि माणशी दोन बाटल्या पाणी बरोबर घ्यावे, कारण गडावर पिण्याचे पाणी नाही.